पडद्याआडचे कान

पुण्याहून येणारी गाडी नेहमीसारखी उशिरा पोचली. भाचा घ्यायला आला होता. डिसेंबरातलं ग्वाल्हेर. स्टेशनबाहेर धुकं इतकं की समोरच्या टेम्पोचे दिवे तेवढे हवेत तरंगताना दिसत होते. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी आतलं गाणं बाहेर ऐकू येत होतं. पंजाबी काहीतरी. ढोल, त्याखाली हल्लीचा तो छातीत हाणणारा ठेका आणि वर एका पुरुषाचा मोकळा, खणखणीत, किंचित फाटलेला आवाज. मी दार उघडून आत बसले मात्र, त्याने झटकन बोट पुढे केलं आणि गाणं ओळीच्या मध्येच तुटलं. मग तानपुरे, आणि कुणाचा तरी यमन. वयस्कर पाहुण्यापुढे न विचारता बिनसाखरेचा चहा ठेवावा, तसा त्याने तो यमन माझ्यापुढे ठेवला. "अगं, ते असंच चालू होतं आत्या," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, राहू दे की." त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्टेशनपासून लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी वस्तीतल्या आमच्या घरापर्यंत यमन चालू राहिला आणि आम्हा दोघांपैकी एकाचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

अंथरुणावर पडले तरी ती तुटलेली ओळ डोक्यातून जाईना. आवाज चांगला होता. तो वरच्या षड्जाकडे चढत होता की तिथून उतरत होता, एवढं तरी कळायला हवं होतं. आणि त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की माझ्या घरातला तिशीतला मुलगा, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या गाडीत, मला बघून गाणं लपवतो. मी त्याला गाण्यावरून कधी बोलल्याचं आठवत नाही. पण काही गोष्टी कुणी न बोलताही घराच्या भिंतींतून झिरपतात. आमच्या घराच्या भिंतींना तर त्याची सवयच आहे.

आमचे आजोबा गात नसत. दिवसभर कचेरीत हिशेब लिहीत आणि संध्याकाळी गाणं ऐकत. पण त्या काळी लष्करात गाणाऱ्यांइतकाच ऐकणाऱ्यांचाही दरारा असे. कृष्णराव शंकर पंडित आणि राजाभैया पूछवाले या ग्वाल्हेर घराण्याच्या बुजुर्ग गवयांना समोर बसून ऐकलेल्या पिढीतले ते. बैठकीत त्यांची जागा ठरलेली, तबलजीच्या डाव्या हाताला. डोळे मिटलेले, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून संथ फिरत असे, कारण तिलवाडा हा संथ ताल चाललेला असे. सम आली की तर्जनी जेमतेम उचलली जाई, बस. मान डोलावणं नाही, मांडीवर थाप नाही. 'वाह' म्हणणं त्यांना जरा बाजारू वाटे. पूर्ण मैफिलीत एखाद्या वेळी घशातून 'हं' असा आवाज निघाला, तर गाणारा तेवढ्यासाठी वळून बघायचा. मी लहानपणी त्यांच्याजवळ बसून गाणं ऐकायचे असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर मी त्यांचा अंगठाच बघत बसायचे.

घरात गाण्याची उतरंड पक्की होती. सर्वांत वर ख्याल, मग टप्पा, तराणा, अष्टपदी, आणि शेवटाला भजन. ठुमरी नाही. ग्वाल्हेरवाला ठुमरी गात नाही, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी कळलं असावं. रविवारी सकाळी नाट्यपद चाले, तेही बालगंधर्वांचं. भावगीताला 'बरं आहे' एवढीच पदवी होती. सिनेमाच्या गाण्याला मात्र रागाचं नाव सांगितल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नसे. "हे हमीरमध्ये आहे हं," असं आधी जाहीर करायचं आणि मग गुणगुणायचं. दुसऱ्या घराण्यांबद्दल आजोबा फार बोलत नसत, पण जे बोलत ते पुरे असे. कुणी किराणा घराण्याचा गवय्या तास-तासभर आलापी करू लागला की ते शेजारच्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणत, "अहो, आधी अस्थायी-अंतरा भरा, मग काय फिरायचं ते फिरा." बंदिश आधी पूर्ण मांडायची, मग बहलावे, बोलआलाप, बोलताना, ताना, हा त्यांच्या लेखी गाण्याचाच काय, जगण्याचाही क्रम होता.

या ताठ्याला एक दुसरी बाजू होती आणि ती मला पुण्याला जायला लागल्यावर कळली. तिथली चुलत भावंडं आमच्या मराठीला हसत. 'मी येऊन राहिले आहे' म्हटलं की खोली गडगडून हसायची. मग आमच्यातलं कुणीतरी शांतपणे विचारी, "बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला कुठे आले होते रे?" खेळ तिथे संपे. बुवांनी ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशींकडून घेतलेली गायकी दक्षिणेत नेली, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली थेट लाहोरात विद्यालय काढलं, सगळ्या महाराष्ट्राचा ख्याल आमच्या गल्लीतून निघाला, हा आमचा इतिहास. यात बाकीच्या घराण्यांचं नावही नसे. आज वाटतं, संस्थान गेलं, पागा गेल्या, सनदा गेल्या, वाड्यांच्या वाटण्या झाल्या. आमच्यासारख्या ग्वाल्हेरी मराठी माणसाच्या हातात मिरवण्यासारखं घराणं तेवढं उरलं. ज्याच्याकडे एकच दागिना असतो तो लग्नालाही तोच घालतो आणि बारशालाही. 2023 साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तेव्हा ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालत एवढंच म्हणाले, "बरं झालं. कळलं त्यांना."

आता बाबांचं सांगते.

1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार होत गेली. अभिजात संगीताला मानाची जागा मिळाली, आजोबा प्रसन्न झाले. आपलाच एक मराठी माणूस देशाचे कान स्वच्छ करायला निघालाय, असं त्यांना वाटलं असणार. पण देशाने कान रेडिओ सिलोनकडे वळवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या बाबांना विड्याची तल्लफ येऊ लागली. एरवी ते पानाला शिवतही नसत. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे रेडिओ होता, त्याभोवती शालीत गुंडाळलेली पोरं उभी असत, शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा जवळ येई, लांब जाई, आणि मध्येच खरखरीत बुडून जाई. बाबा म्हणत, त्या खरखरीमुळेच कान तयार झाले. गाणं हातचं निसटेल या भीतीने एकेक शब्द पकडून ठेवावा लागे. घरी परतले की आजोबा विचारत, "आज बुधवार का?" बाबा म्हणत, "हो." विषय संपला. 1957 साली सरकारनेच विविध भारती काढली, लोकांना हवं ते द्यायला लागलं, आणि बाबांची पानाची तल्लफ बुधवारपुरती का होईना, तशीच राहिली. घरात रेडिओ आला होता. त्यावर ती गाणी लावायला आता कुणी अडवलंही नसतं. पण ती घरात ऐकायची गाणी नव्हेत, असं त्यांचंच मत झालं होतं.

आई इंदूरची. म्हणजे ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या गावची. माहेरून ती भांडीकुंडी, पैठणी आणि खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ताल घेऊन आली. आमच्याकडे बैठकी होत त्या पुढच्या खोलीत, बायका माजघरात. मध्ये जाड खादीचा पडदा. चहाचे कप भरून पुढे पाठवायचे, विसळायचे, पुन्हा भरायचे, आणि त्यातून जेवढं गाणं कानावर पडेल तेवढं आपलं. त्या पडद्याची शिवण एका जागी उसवली होती. आई घरातलं सगळं उसवलेलं त्याच दिवशी शिवायची, ती शिवण मात्र तिने कधी शिवली नाही. बैठक चालू असताना ती कपबश्यांचा ट्रे हातात घेऊन त्या फटीपाशी उभी राहायची. ट्रेमधल्या बश्या वाजू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ती फडक्याच्या घड्या घालायची, हे मला फार वर्षांनी लक्षात आलं. स्वयंपाक करताना मात्र ती खाँसाहेबांची आलापी गुणगुणे, पोळी करपेल इतकी संथ. एकदा आजोबा पानावर बसले असताना म्हणाले, "सूनबाई, अंतरा नाही का त्याला?" खाँसाहेब विलंबित ख्यालात बऱ्याचदा अंतरा गात नसत, त्यावर हा टोला. आई तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "आहे ना मामंजी. पण तुमच्या पोळ्या आटपल्या." आजोबांच्या घशातून 'हं' निघालं. बैठकीत निघायचं तसंच.

पडद्यावरून आठवलं. हद्दू-हस्सू खाँची गोष्ट ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी घरात रामायणाइतकी पाठ असते. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ होते, त्यांची तान म्हणजे काय ती तान. पण ते ती कुणाला शिकवायला तयार नव्हते. तेव्हा महाराजांच्या मर्जीने या दोघा कोवळ्या भावांना पडद्याआड बसवण्यात आलं. कित्येक महिने ते लपून ऐकत राहिले, घोटत राहिले, आणि एके दिवशी भर दरबारात त्यांनी ती तान महंमद खाँच्या तोंडावर गाऊन दाखवली. पुढे जे काही ग्वाल्हेर घराणं म्हणून जगाने ओळखलं, त्याच्या पायात ही गोष्ट आहे. आजोबा ती सांगत तेव्हा त्यांचा आवाज चढे, कारण त्यांच्या लेखी ती विजयाची गोष्ट होती. मला मात्र प्रत्येक वेळी त्या पडद्यामागचे महिने दिसतात. दोन पोरं, श्वास रोखून, दुसऱ्याच्या गळ्यातलं आपल्या कानात भरून घेतायत. ज्यांचं ऐकायची मुभा नाही, त्यांचंच सगळ्यात जास्त मन लावून ऐकतायत. शुद्ध ग्वाल्हेर गायकी म्हणून आम्ही जिचा झेंडा मिरवतो, तिची तान अशी आडून आणलेली आहे. हे काही गुपित नाही, सगळ्यांना माहीत आहे. नुसतं ते एकाच दमात उच्चारत नाहीत.

आणि टप्प्याचं काय? आमच्या उतरंडीतला दुसरा मानकरी. ज्याला टप्पा येतो तोच खरा ग्वाल्हेरचा, असं मानणारे लोक मी पाहिलेत. पंजाबातल्या उंटवाल्यांचं ते गाणं. लखनौच्या शोरी मियाँनी ते उचललं, त्याला दाणेदार तानांनी मढवलं, आणि फिरत फिरत ते आमच्याकडे आलं. शब्द पंजाबी, गाणारे देशस्थ नाहीतर कऱ्हाडे, उच्चार अस्सल लष्करचे. अर्थ विचारला तर निम्मे लोक खांदे उडवतील. ठुमरीबद्दल नाकं मुरडावीत तर हार्मोनियम घेऊन पुरबच्या ठुमरीत आयुष्य घालवणारे भैयासाहेब गणपतराव ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्याच रक्ताचे. गौहरजान आणि मौजुद्दीन यांच्यासारख्या ठुमरीतल्या नामवंतांनी ज्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसावं, असा माणूस. ज्या पेटीला आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षं दाराबाहेर उभं केलं, त्या पेटीला ठुमरीच्या संगतीत प्रतिष्ठा दिली ती याच गावच्या माणसाने. पण घराण्याच्या गप्पांत त्यांचं नाव कुणी काढलं की माणसं जरा चुळबुळतात, आणि विषय हळूच राजाभैयांकडे वळतो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. गाडीतल्या त्या रात्रीनंतर केव्हातरी, गच्चीवर उन्हात बसून गजक खाताना. म्हटलं, तू बंद केलंस ते गाणं पंजाबचं आणि आपला टप्पाही पंजाबचा, मग लपवायचं काय त्यात? तो गजकेचा तुकडा मोडत हसला. "आत्या, तू पण ना. शेवटी त्याचंही घराणं काढलंसच." म्हणजे मला ते गाणं ऐकायला आधी त्याची वंशावळ लागली होती. उंबरठा ओलांडायला पूर्वी रागाचं नाव लागायचं, तसंच. यावर मला काही उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. मग त्याने ते गाणं लावून दाखवलं. आवाज चढत होता. पुढे गाण्यात फार काही नव्हतं, तेच ते शब्द फिरून फिरून येत होते, आणि मधला वाद्यांचा भाग मला असह्य झाला. तसं सांगितलंही. तो म्हणाला, "वाटलंच." पण या खेपेला त्याने मध्येच बंद केलं नाही.

आजोबांची बाजू घेणारं आता घरात कुणी नाही, म्हणून मलाच घेतली पाहिजे. हल्ली एक नवा श्रोता भेटतो, त्याला सगळंच आवडतं. ख्याल आवडतो, गझल आवडते, सूफी आवडतं, फ्यूजन तर फारच. वृत्ती चांगलीच, पण का कोण जाणे, मला त्याचा थोडा संशय येतो. त्याला नावडतं काय, हे कळल्याशिवाय आवडतं काय, याच्यावर माझा विश्वास बसत नाही. आजोबांना जे नावडे ते त्यांनी कान देऊन, मात्रा मोजून नावडवलेलं असे. गाणाऱ्याने अंतरा टाकला, लय सैल पडली, बोल लयीच्या बाहेर सांडले, तर या गावात ते कुणीतरी टिपलंय याची त्याला खात्री असे. ती धास्ती गाण्याला उपकारकच होती. आज तानसेन समारोहात तबलजीने तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून सम गाठली की टाळ्यांचा कडकडाट होतो आणि रागातला एखादा सूर अलगद, नेमक्या जागी लागतो तेव्हा मांडवात कुणी हलत नाही. अशा वेळी मी आजूबाजूला बघते. एखादी तर्जनी उचललेली दिसते का म्हणून. आजोबांच्या तोऱ्यामुळे बाबा पानवाल्यापाशी थंडीत उभे राहिले आणि आई फटीला डोळा, नव्हे कान लावून. हे चांगलं झालं असं कोण म्हणेल? पण त्या दोघांइतकं जीव टाकून गाणं ऐकणारी माणसं मी पुढे कुठल्याच सभागृहात, कुठल्याच पहिल्या रांगेत पाहिली नाहीत. याचं काय करायचं ते मला समजत नाही.

तानसेन समारोह 1924 साली उरूस म्हणून सुरू झाला, 2024 साली त्याचं शंभरावं पर्व झालं. उद्घाटनाची रीत मला आजही फार आवडते. सूफी संत महंमद गौसांचा मकबरा, शेजारी तानसेनाची ती ठेंगणी कबर, चिंचेचं झाड, आणि तिथे सकाळच्या गारठ्यात सनई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा, मग मिलाद आणि चादर. आमची लष्करची मंडळी त्याला आवर्जून जातात. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी हजिऱ्याच्या इंटक मैदानावर 'गमक' नावाचा कार्यक्रम होतो, त्याचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. तिथे मुंबईचे सिनेमातले गायक येतात, सूफीवाले येतात. हजिरा म्हणजे गिरणीवाल्यांची वस्ती, मैदान कामगार संघटनेच्या नावाचं. गिरण्यांचे भोंगे बंद झाले त्याला जमाना झाला, तरी वस्ती तीच आहे, आणि त्या संध्याकाळी ती पोराबाळांसकट मैदानात उतरते.

मागे एकदा मी भाच्याबरोबर गेले. मला जायचं होतं म्हणून गेले, त्याच्या गाडीत त्याला हवं ते लावून. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. गायकाने गाण्याचं ध्रुवपद उचललं की हजारो माणसं ते त्याच्या हातून काढून घेत आणि स्वतःच म्हणत. स्पीकर नको इतके मोठे होते. आम्ही कडेला, शेंगदाण्याच्या गाडीपाशी सरकलो. तिथे टोपी कपाळापर्यंत, मफलर नाकापर्यंत, असे एक गृहस्थ उभे होते. डोळे तेवढे उघडे. उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि खिशाच्या आत अंगठा काहीतरी मोजत असल्यासारखा हलत होता. त्यावरून मी ओळखलं. आमच्या बैठकीतले काका, ज्यांनी माझ्या देखत एका नामवंत गायिकेच्या ठुमरीला उठून चपला घातल्या होत्या.

"काका?"

"अं? हो, इकडून चाललो होतो," ते मफलर खाली करत म्हणाले. "पुढे रस्ता बंद केलाय ना यांनी."

"मग?"

"मग काय. थांबलो." रंगमंचावर गायकाने एक लांब स्वर धरला, त्यावरून दोन बारीक हरकती घेऊन तो खाली आला. काकांच्या घशात काहीतरी झालं. "ही दुसरी बघितलीस? शिकलेला आहे. शिकलेलाच आहे कुणाकडे तरी. आणि गातोय काय, हे."

"उद्या सकाळी हरिकथेला आहात ना?"

"म्हणजे काय! पहिल्या रांगेत." मग गाडीवाल्याकडे वळून त्यांनी शेंगदाण्याच्या दोन पुड्या बांधायला सांगितल्या, एक माझ्या हातात दिली, एक भाच्याच्या, आणि पैसे चुकते करून पुन्हा मफलर नाकावर ओढून घेतलं. रस्ता त्यानंतर लवकरच मोकळा झाला. काका कार्यक्रम संपेपर्यंत हलले नाहीत.